बिचारा गिला वडा!

रूमवर एकाचं पोट बिघडलं की लगेच पंचायत बसते. "काल काय खाल्लं होतं बे?" निकाल ठरलेलाच असतो, राजकमलचा गिला वडा! वडा उगाच बदनाम होतो. कोपऱ्यातल्या माठाकडे कोणी पाहतही नाही.

तुम्हीही शेवटी खाल्लेल्या पदार्थालाच धरता ना? जरा तास मोजून पाहा. खाल्ल्यावर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर सकाळचा तसाच बाहेर राहिलेला आणि रात्री फ्राय केलेला भात भोवला असेल. नोरोव्हायरसला मात्र १२ ते ४८ तास लागतात. कॉलरा तर काही तासांत किंवा पाच दिवसांनीही गाठतो. म्हणजे आजच्या हगवणीचं मूळ परवाच्या मेसमधल्या जगात असू शकतं. (हो, हगवणच. लूज मोशन म्हटल्यानं ती काही सभ्य होत नाही.)

पाण्यानं काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यानं पाहिलंय. जुलै २०२२, चिखलदरा तालुक्यातलं पाचडोंगरी आणि शेजारचं कोयलारी. बिल थकलं म्हणून पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली. नळ बंद, मग लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी भरलं. पावसाळ्यात अशा विहिरीत आजूबाजूची सगळी घाण वाहून येते. त्या महिन्यात जिल्ह्यात कॉलऱ्याचे १८१ रुग्ण आढळले, पाच जण दगावले. मेळघाटातल्या त्या माणसांनी काही चटकमटक खाल्लं नव्हतं. नुसतं पाणी प्यायले होते.

"आमच्याकडे तर आरओचा जार येतो!" येतो ना. पण तो शेवटचा धुतला कधी? त्यातलं पाणी माठात ओतून वर हात बुडवून गिलास कोण भरतं? आणि रसवंतीतला बर्फ कुठल्या पाण्याचा? शंका असेल तर पाणी चांगलं खळखळ उकळू द्या. संडासातून आल्यावर, जेवायच्या आधी साबण लावा. गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात शिकतो आपण, एवढं तर जमायलाच पाहिजे.

हगवण लागलीच तर जीवाला धोका असतो तो शरीरातलं पाणी आणि मीठ निघून जाण्याचा. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ टाका. चमचा चहाचा. घोट घोट पीत राहा. मेडिकलवाल्याला मागून अँटिबायोटिक घेऊ नका. कारण विषाणू असेल तर ते काहीच कामाचं नाही.

शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी बंद, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, पाणीही पोटात टिकत नाही, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. रात्र असली तरी इर्विन गाठा.

आणि एकाच होस्टेलमधले तीन-चार जण सोबतच आडवे झाले, तर वड्याची चौकशी सोडा. वॉर्डनला सांगा, महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, आणि टाकीचं पाणी तपासून होईपर्यंत उकळूनच प्या.