परराज्यात जाणाऱ्या शेतमालाची चोरी : गाडी भरतानाच घ्यावयाची खबरदारी



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शेतमालाला परराज्यांची बाजारपेठ नवीन नाही. कोरेगाव भागातील आले, तासगाव आणि कवठेमहांकाळचा बेदाणा, सांगलीची हळद हा माल ट्रकने शेकडो किलोमीटर दूर जातो. पीक हाती येईपर्यंत आपण बियाणे, खत, औषधे आणि मजुरी यांचा पै-पैचा हिशेब ठेवतो. पण वर्षभराचे कष्ट ज्या गाडीत चढतात, त्या गाडीचा क्रमांकही पुष्कळदा नीट टिपून ठेवलेला नसतो. माल वाटेत गेला की हीच हयगय महागात पडते.

चोरी कशी होते ?

मालचोरीचे साधारणपणे तीन प्रकार आढळतात.

१) संपूर्ण गाडी बेपत्ता होणे : हंगामात गाड्यांची टंचाई असते. अनोळखी दलाल फोनवर कमी भाड्यात गाडी देऊ करतो. गाडीवरील क्रमांक बनावट असतो आणि चालकाचे नावही खोटे असते. माल भरून गाडी निघते आणि दुसऱ्या दिवशी दोघांचेही फोन बंद होतात.

२) वाटेत पोती उतरविणे : ढाब्यावर किंवा आडरस्त्याला दोन-चार पोती काढली जातात आणि दोरी पुन्हा बांधली जाते.

३) मालात फेरफार : चांगला माल काढून हलका भरणे, किंवा चोरलेल्या मालाचे वजन भरून काढण्यासाठी उरलेल्या मालावर पाणी मारणे.

तिसरा प्रकार ओळखण्यास पिकाचे ज्ञान उपयोगी पडते. ताज्या आल्याचे वजन प्रवासात थोडे घटतेच. पण पोत्यांची संख्या घटत नाही. हळद ओलावा १० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळविलेली असेल, तर कोरड्या हवेत तिचे वजन फारसे बदलू नये. पोहोचलेल्या हळदीत ओलावा वाढलेला दिसला आणि पाऊसही नव्हता, तर चौकशी करावी. यासाठी माल भरताना प्रत्येक लॉटचा एकेक किलोचा नमुना मोहोरबंद करून घरी ठेवावा.

कायदा काय सांगतो ?

अमेरिकेत राज्याराज्यांमधील मालवाहतुकीतील चोरी हा १९१३ पासून केंद्रीय गुन्हा आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र पुढील दोन कायदे शेतकऱ्याच्या बाजूचे आहेत.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. विश्वासाने सोपविलेला माल वाहतूकदाराने हडप केल्यास तिच्या कलम ३१६ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

भरपाईसाठी २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा आहे. तो १ मार्च २०११ पासून अमलात असून त्याने १८६५ चा जुना कायदा रद्द केला. माल हरवल्यास वाहतूकदाराचा निष्काळजीपणा शेतकऱ्याने सिद्ध करावा लागत नाही. वाहतूकदाराच्या व्याख्येत बुकिंग एजंट आणि दलालही येतात. त्यामुळे ‘आम्ही फक्त गाडी मिळवून दिली’ असे दलालाने म्हटले, तरी तेवढ्यावर तो सुटतोच असे नाही.

पण याच कायद्यातील एक तरतूद नीट समजून घ्यावी. जादा जोखीम दर भरण्याचे कबूल केले नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहा पटींपुरतीच मर्यादित राहते. समजा, १६ टन हळद किलोला १३० रुपये दराची आहे आणि भाडे किलोला ४ रुपये ठरले आहे.

मालाची किंमत : २०,८०,००० रुपये
एकूण भाडे : ६४,००० रुपये
भरपाईची मर्यादा : ६,४०,००० रुपये
शेतकऱ्याच्या अंगावर : १४,४०,००० रुपये

किलोमागे भाडे गुणिले दहा, एवढे गणित गाडी ठरविताना मनात करावे. फरक मोठा असेल तर जादा जोखीम दराने बुकिंग करावे किंवा विमा उतरवावा.

गाडी भरताना काय करावे ?

१) वाहतूकदाराचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. ते दहा वर्षांसाठी असते.

२) ‘एम-परिवहन’ ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहावा. गाडीचा प्रकार आणि मालकाचे नाव आरसी पुस्तकाशी जुळते का, ते तपासावे. चासी क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचावा.

३) चालकाचा परवाना आणि गाडीची पुढची-मागची बाजू यांची छायाचित्रे काढावीत.

४) भरलेल्या गाडीचे वजन करून काट्याची पावती घ्यावी.

५) बिल्टीवर पोत्यांची संख्या, वजन, मालाची प्रत आणि किंमत लिहून घ्यावी. किंमतीची जागा कधीही कोरी सोडू नये.

६) अनेक शेतकऱ्यांचा माल एका गाडीत असेल, तर प्रत्येकाची बिल्टी वेगळी घ्यावी.

ताजे आले, द्राक्षे आणि भाजीपाला यांना ई-वे बिल लागत नाही. ही सवलत सोयीची आहे. पण त्यामुळे या मालाची सरकारदरबारी नोंद राहत नाही. म्हणून अशा मालाच्या बाबतीत बिल्टी हाच शेतकऱ्याचा मुख्य पुरावा होय.

विम्याबाबत

गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. मालासाठी स्वतंत्र वाहतूक विमा घ्यावा लागतो. त्यातील ‘ए’ प्रकारात चोरीची जोखीम येते. ‘बी’ प्रकार आग, टक्कर, गाडी उलटणे अशा ठरावीक अपघातांपुरता असतो. गाडीला उशीर झाल्यामुळे नासलेल्या मालाची भरपाई मात्र ‘ए’ प्रकारातही मिळत नाही, हे नाशवंत माल पाठविणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

चोरी झाल्यास

१) चोरी कोणत्या राज्यात झाली याचा शोध घेत बसू नये. आता कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्ह्याची माहिती देता येते, मग गुन्हा कोठेही घडलेला असो. ऑनलाइन माहिती दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते.

२) गाडीमालकाला फास्टॅगचे टोल संदेश दाखविण्यास सांगावे. गाडी शेवटी कोणत्या नाक्यावरून गेली हे त्यावरून कळते आणि पोलिसांचा तपास सोपा होतो.

३) विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे.

४) बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस पोहोचली पाहिजे. त्याशिवाय भरपाईचा दावा लावता येत नाही. ‘माल सापडेल, थोडे थांबा’ या तोंडी आश्वासनावर ही मुदत दवडू नये.

शेतात खरेदीदाराने मोजून, पैसे देऊन माल उचलला, तर पुढील प्रवासाची जोखीम बहुधा त्याची असते. अडतीवर विकण्यासाठी पाठविलेला माल मात्र विकला जाईपर्यंत आपलाच असतो. म्हणून गाडी हलण्यापूर्वीचा अर्धा तास या कामासाठी राखून ठेवावा. पीक घेण्यात वर्ष घालविणाऱ्या शेतकऱ्याला तो निश्चितच जड जाणार नाही.