बलसंवर्धन

बलसंवर्धन : व्यायाम, आहार व विश्रांती यांच्या योगे स्नायूंची शक्ती व आकारमान वाढविण्याची प्रक्रिया. भाराच्या ताणामुळे स्नायुतंतूंत नवी प्रथिने तयार होऊन तंतू जाड होतात. प्रारंभीच्या आठवड्यांत वाढणारी शक्ती मुख्यत्वे तंत्रिका तंत्राच्या सरावाने येते. आकारमानातील वाढ मागाहून दिसते.

नवशिक्याने आठवड्यातून २-३ दिवस जोर, बैठका व वजन उचलणे यांची प्रत्येकी ८ ते १२ आवर्तने करावीत. ती सहज जमू लागली, की भार थोडा वाढवावा. त्याच स्नायूंना पुन्हा ताण देण्यापूर्वी सु. ४८ तास विश्रांती द्यावी.

प्रौढास दररोज शरीराच्या प्रति किग्रॅ. वजनामागे सु. ०·८३ ग्रॅ. प्रथिन लागते, बलसंवर्धनासाठी ते १·६ ग्रॅ.पर्यंत वाढविणे उपयुक्त ठरते. म्हणजे ५० किग्रॅ. वजनाच्या तरुणास सु. ८० ग्रॅ. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत भात हे प्रमुख अन्न आहे. तांदळातील प्रथिनात लायसीन कमी, तर डाळींत ते विपुल असते. त्यामुळे तूर किंवा मुगाच्या वरणासह भात खाल्ल्यास ही उणीव भरून निघते. अंडी व मामा तलावांतील मासे ही उत्तम पूरके होत.

धानाच्या बांधीतील ओलीवर येणारी लाखोळी स्वस्त व प्रथिनयुक्त असली, तरी तिच्यात तंत्रिका तंत्रास घातक द्रव्य असते. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात (कलायखंज). यास्तव १९६१ मध्ये केंद्र शासनाने तिच्या विक्रीवर बंदी घातली. बलसंवर्धनासाठी वाढविलेल्या प्रथिनाचा भार लाखोळीवर टाकू नये.