सहस्रकुंड ते माहूर : प्रवासासाठी हलका मोनोपॉड निवडताना

पावसाळ्यात पैनगंगा भरून वाहू लागली की सहस्रकुंडाच्या काळ्या खडकावर ट्रायपॉड उभा करणे कठीण होते. खडक निसरडा, माणसांची गर्दी, अंगावर सतत तुषार, आणि तीन पाय पसरायला सपाट जागा नाही. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्यांवर तर ट्रायपॉड मांडणे म्हणजे भाविकांची वाटच अडवणे. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात पायी हिंडून फोटो काढणाऱ्याला एका पायाचा आधार जास्त उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे. मात्र हा आधार घेताना बहुतेक जण वजन आणि घडीची लांबी एवढेच बघतात. मोनोपॉड लहान आणि हलका होताना काहीतरी गमावत असतो. काय गमावले तर चालेल आणि काय नाही, हे आधी ठरवले तर निवड सोपी होते.

मोनोपॉडकडून काय अपेक्षा ठेवावी

काठीवर हनुवटी टेकून उभा राहिलेला धनगर डोळ्यांपुढे आणा. दोन पाय त्याचे, तिसरा काठीचा. मोनोपॉड असाच काम करतो. कॅमेऱ्याचे वजन तो जमिनीवर उतरवतो आणि वर-खाली होणारी थरथर जवळजवळ थांबवतो. पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे होणारा डोल मात्र तुमच्या शरीरालाच रोखावा लागतो.

हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग लेन्सच्या फोकल लांबीइतका तरी असावा, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे २०० मिमीच्या लेन्सला सेकंदाचा २०० वा भाग. मोनोपॉड नीट वापरला तर साधारण दोन स्टॉपची सवलत मिळते आणि ५० व्या भागापर्यंत खाली उतरता येते. श्रावणात सागाची पाने भरलेली असतात, जंगलात दुपारीही उजेड मंद असतो. तिथे ही सवलत फार मोलाची ठरते. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये थरथर कमी करणारी यंत्रणा असेल तर मोनोपॉडवर ती चालूच ठेवावी.

पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून दोन-चार सेकंदांचे शटर हवे असेल, किंवा रात्रीचे तारे टिपायचे असतील, तर ट्रायपॉडला पर्याय नाही.

आणखी एक खबरदारी. ऑनलाइन दुकानात मोनोपॉड म्हणून शोधले की निम्म्याहून जास्त वेळा सेल्फी स्टिक समोर येते. ती मोबाइल हवेत धरण्यासाठी असते, जमिनीवर टेकवून भार घेण्यासाठी नाही. वर्णनात कॅमेऱ्याचे वजन पेलण्याची क्षमता आणि खालच्या रबरी टोकाचा उल्लेख आहे का, हे आधी वाचावे.

घडी किती लहान हवी

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो. मोनोपॉड एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा बनलेला असतो. उघडल्यावर दीड मीटरच्या आसपास जाणारा चार नळ्यांचा मोनोपॉड मिटल्यावर साधारण ४८ ते ५० सेंटीमीटर राहतो, पाच नळ्यांचा ४० च्या आसपास आणि सहा नळ्यांचा ३८ च्याही खाली येऊ शकतो. कागदावर सहा नळ्यांचा सरस वाटतो.

पण प्रत्येक पुढची नळी आधीच्या नळीत बसायची असल्याने तिचा व्यास तीन-चार मिलिमीटरने कमी होतो. वरची नळी २५ मिलिमीटरची असेल तर पाचवी १३ च्या आसपास येते आणि सहावी बोटापेक्षा बारीक. नळीचा ताठपणा व्यासाच्या प्रमाणात सरळ घटत नाही. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास निम्मा केला तर वाकण्याला होणारा विरोध जवळपास आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून सहा नळ्यांच्या मोनोपॉडचा शेवटचा भाग उघडला की वरचा कॅमेरा डुलू लागतो, आणि ज्यासाठी तो घेतला तेच काम बिघडते.

त्यामुळे मोजमाप बॅगेपासून सुरू करावे. पाठीवरच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात मोनोपॉडचे टोक ठेवून वरून पट्टा आवळता येत असेल, तर ४८ सेंटीमीटरही अडचणीचे नाहीत. नंदीग्राम एक्सप्रेसने किनवटला उतरणाऱ्याला किंवा एसटीने माहूर गाठणाऱ्याला दहा सेंटीमीटर कमी झाल्याने फारसा फरक पडत नाही. सामान विमानातून न्यायचे असेल, किंवा मोनोपॉड छोट्या बॅगेच्या आतच मावायला हवा असेल, तर पाच नळ्यांचा घ्यावा. सहा नळ्यांचा फक्त त्याने घ्यावा ज्याचा कॅमेरा खरोखर हलका आहे.

उंचीचा हिशेब

तुमची उंची १६८ सेंटीमीटर असेल तर डोळे जमिनीपासून साधारण १५६ सेंटीमीटरवर असतात. कॅमेऱ्याच्या तळापासून त्याच्या व्ह्यूफाइंडरपर्यंत आठ-दहा सेंटीमीटर. म्हणजे सपाट जमिनीवर १४६ सेंटीमीटर पुरतात, आणि वर हेड बसवले तर त्याची उंचीही यातून वजा होते.

पण माहूरच्या किल्ल्यावर किंवा पैनगंगेच्या दरडीवर सपाट जमीन असते कुठे? उतारावर खाली तोंड करून उभे राहिलात तर मोनोपॉडचे टोक तुमच्या पावलांपेक्षा खाली टेकते. हिशेबापेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर उंची जास्त असू द्यावी. ती असली की सपाटीवर सगळ्यात बारीक नळी पूर्ण उघडावी लागत नाही. वाकून वाकून फोटो काढावे लागले तर तासाभरात कंबर बोलू लागते, आणि मग मोनोपॉड बॅगेतच राहतो.

ॲल्युमिनियम की कार्बन

कार्बन फायबर हलके असते, थरथर लवकर जिरवते आणि किनवटच्या एप्रिल-मेच्या उन्हातही हाताला तितके चटके देत नाही. पण एकाच आकाराच्या दोन मोनोपॉडमध्ये वजनाचा फरक बहुधा १०० ते २०० ग्रॅम असतो, आणि किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट अंतर पडते. ज्या बॅगेत दोन लिटर पाणी आहे तिथे दीडशे ग्रॅमसाठी इतके पैसे घालणे मला पटत नाही. पहिला मोनोपॉड ॲल्युमिनियमचा घ्यावा. फक्त वरच्या नळीवर फोमची जाड पकड आहे ना, एवढे बघावे.

मोडतोडीची तऱ्हाही वेगळी आहे. ॲल्युमिनियमला पोचा आला तर नळी आत सरकेनाशी होते. कार्बन टोकदार दगडावर जोरात आपटला तर त्याला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली नळी पुन्हा भरवशाची राहत नाही.

वीज दोन्हींतून वाहते, कार्बनमधूनही. परतीच्या पावसात दुपारनंतर ढग गडगडू लागले तर उघड्या कातळावर उभा केलेला मोनोपॉड ताबडतोब मिटवून सुरक्षित जागी जावे. एकट्या झाडाखाली थांबू नये.

पिळायचे लॉक, खटक्याचे लॉक

पिळून घट्ट होणारे लॉक बारीक असते, कुठे अडकत नाही आणि बॅगेतून सरळ निघते. खटक्याचे लॉक झटकन उघडते आणि बंद झाले की नाही हे नुसत्या नजरेने कळते, पण झुडपात आणि पट्ट्यात अडकते. पायी फिरणाऱ्यासाठी पिळायचे लॉक बरे. त्यातही अर्ध्या पिळात सुटणारे हवे. ओल्या हाताने पिळून पाहिल्याशिवाय निवड करू नये, कारण सहस्रकुंडाला हात ओलेच असणार.

किती वजन पेलतो आणि वर काय बसवावे

पेलण्याच्या क्षमतेचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करता येत नाही. आपल्या कॅमेरा-लेन्सच्या दुप्पट आकडा धरावा. साध्या लेन्सचा मिररलेस कॅमेरा किलोच्या आत बसतो. पक्ष्यांसाठी वापरली जाणारी १५० ते ६०० मिमीची लेन्स एकटीच दोन किलोंच्या घरात जाते. अशी लेन्स असेल तर मोनोपॉडचा स्क्रू कॅमेऱ्यात न लावता लेन्सच्या कॉलरला लावावा.

हलक्या कॅमेऱ्यासाठी वर हेड नसले तरी चालते. स्क्रूवर कॅमेरा थेट बसवायचा आणि मोनोपॉडच थोडा तिरका करायचा. जड लेन्सला फक्त पुढे-मागे कलणारे साधे टिल्ट हेड पुरते. बॉल हेड चारी बाजूंना लवंडते, म्हणून एका पायावर ते सांभाळणे जास्त कटकटीचे. तळाशी तीन छोटे पाय असलेले व्हिडिओचे मोनोपॉड सपाट फरशीवर छान चालतात. डोंगरात ते पाय निव्वळ ओझे ठरतात.

कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची आटा असतो. काही मोनोपॉडवर तीन अष्टमांश इंचाचा जाड स्क्रू असतो. दोन्हींची सोय असलेला, म्हणजे उलटा करून बसवता येणारा स्क्रू मिळाला तर उत्तम. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी पाव इंची आट्याचा पकडीचा होल्डर वेगळा घ्यावा.

टोक आणि जमीन

दुकानात कोणी मोनोपॉडच्या टोकाकडे बघत नाही, आणि रानात सगळा भार त्यावरच असतो. बेसाल्टच्या कातळावर आणि देवळाच्या पायऱ्यांवर रबरी टोकच हवे. रुंद आणि मऊ रबर ओल्या दगडावर जास्त धरते. लोखंडी अणी कातळावर घसरते, शिवाय माहूरच्या पांडवलेण्यांसारख्या ठिकाणी दगडावर ओरखडे उठवते. तिथे अणी अजिबात वापरू नये. ओल्या गवतावर आणि पालापाचोळ्याच्या उतारावर मात्र अणीच उपयोगी. रबर फिरवले की आतून अणी निघते अशी रचना मिळते.

काळी माती ओली झाली की प्रश्न वेगळाच. टोक रुतत जाते आणि ओढून काढले की रबर मातीतच राहते. रबर नुसते दाबून बसवलेले आहे की आट्याने, हे घेतानाच बघावे. रबर सुटे मिळते का, हेही विचारून ठेवावे. रुतू नये म्हणून टोकाखाली एखादा चपटा दगड ठेवला तरी पुरते.

चिखल लागलेली नळी तशीच आत ढकलू नये. आधी पुसावी. घरी आल्यावर लॉक सोडवून नळ्या साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळू द्याव्यात. पैनगंगेची बारीक वाळू एकदा आट्यात गेली की पिळायचे लॉक करकरू लागते.

चालायला काठी म्हणून चालेल का

प्रत्येक जण हे विचारतो. सपाट पायवाटेवर हलकासा आधार म्हणून चालेल. घसरताना सगळे अंग टाकायला नाही. कॅमेऱ्याचा दोन-तीन किलोंचा भार धरणारे लॉक माणसाच्या झटक्याला सरकू शकते, आणि ऐन उतारावर काठी अचानक आखूड झाली तर तोल जातो. चढण-उतरण जास्त असेल आणि कॅमेरा लहान असेल, तर उलट दिशेने विचार करावा. ट्रेकिंगची चांगली काठी घ्यावी, जिच्या मुठीवरची टोपी काढली की खाली पाव इंची स्क्रू असतो. मोबाइल किंवा छोटा कॅमेरा तिच्यावर व्यवस्थित राहतो. मोठी लेन्स लावायचा मोह मात्र करू नये.

काठावर उभे राहताना

टोक दोन पावलांच्या मधोमध, किंचित पुढे टेकवावे. डावा पाय पुढे, उजवा मागे, आणि अंगाचे थोडे वजन मोनोपॉडवर कलते ठेवावे. कोपर छातीशी, कॅमेरा कपाळाशी. कठडा, खडक किंवा सागाचे खोड जवळ असेल तर मोनोपॉड त्याला टेकवून धरावा. अशा वेळी सेकंदाच्या आठव्या भागापर्यंतचे शटर साधते, आणि तेवढ्यात धबधब्याच्या धारा मऊ होऊ लागतात. सलग चार-पाच फोटो घ्यावेत. त्यांतला मधला बहुधा सगळ्यात स्वच्छ येतो, कारण बटण दाबतानाचा धक्का पहिल्यालाच बसतो.

सहस्रकुंडाच्या वरच्या अंगाला पैनगंगेवर इसापूर धरण आहे. तिथून विसर्ग वाढला की इथे लख्ख ऊन असतानाही पाणी चढते. कोरडा खडक दिसला म्हणून पात्रात उतरू नये. फोटो काठावरूनही चांगला येतो.

टिपेश्वरच्या सफारीला निघालेल्यांसाठी एवढेच, की जिप्सीत मोनोपॉडपेक्षा धान्य भरलेली पिशवी सरस. गाडीच्या दांडीवर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची.

घेण्याआधी दोरीने पाहून घ्या

मोनोपॉडची आपल्याला खरोखर गरज आहे का, हे जवळजवळ फुकटात तपासता येते. हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची, इंचाला वीस आटे असलेला बोल्ट घ्यावा आणि त्याला उंचीएवढी न ताणणारी दोरी बांधावी. बोल्ट कॅमेऱ्याच्या तळाला लावायचा, दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबायचे आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ करायची. वर-खाली होणारी थरथर बरीच कमी झालेली लगेच कळते. कॅमेऱ्याचे छिद्र साधारण पाच मिलिमीटरच खोल असते, म्हणून लांब बोल्ट जोर लावून पिळू नये. त्यावर दोन-तीन वायसर घालून फक्त तेवढाच भाग मोकळा ठेवावा. या दोरीने एखाद्या सहलीत फोटो सुधारले, तर मोनोपॉड बघायला नांदेडला जावे, सोबत आपली बॅग आणि कॅमेरा न्यावा, सगळ्या नळ्या उघडून वरून दाबून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.