शब्द एक, अवयव निराळे : भारतीय भाषांतील शारीर परिभाषा आणि तौलनिक अभ्यासक

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका बंगाली कथेचा मराठी अनुवाद केला होता. कथेची नायिका घरातल्या अबोल्याने आतून खचत जाते. तिच्या खचण्याचे वर्णन करताना मूळ लेखकाने ‘स्नायु’ हा शब्द दोनदा योजला होता. शब्द संस्कृत, मराठीतही रुळलेला. म्हणून तो तसाच ठेवला. अनुवाद छापून आल्यावर नात्यातल्या एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, ‘‘हिचे स्नायू कशाने गेले? पूर्वी पोलिओ झाला होता का?’’ बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मराठीतला मज्जातंतू. मूळ कथेत घुसमट मनाची होती. मराठीत ती हातापायांची झाली. अनुवादातील पुष्कळ चुका शब्द अनोळखी असल्याने होतात. ही चूक शब्द ओळखीचा असल्यामुळे झाली होती.

हा प्रसंग व्यक्तिगत असला तरी त्यातून उपस्थित होणारा प्रश्न व्यापक आहे. भारतीय भाषांची शारीर परिभाषा बव्हंशी संस्कृतोद्भव असल्यामुळे ती समान आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या भाषांत समान आहे तो शब्दांचा साठा. कोणता शब्द कोणत्या अवयवाला चिकटला, याचा इतिहास मात्र भाषेगणिक वेगळा आहे. प्रस्तुत लेखात शरीररचना व शरीरक्रिया यांची किमान ओळख करून देऊन अशा काही शब्दांचा तौलनिक विचार करावयाचा आहे.

१. पेला उचलण्याची क्रिया

शरीराची रचना चढत्या पायऱ्यांनी समजून घेतली जाते. सर्वांत लहान सजीव घटक म्हणजे पेशी. समान रचनेच्या व समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. तिचे मुख्य प्रकार चार : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. अनेक ऊती मिळून अवयव होतो आणि एका कार्यासाठी एकत्र आलेल्या अवयवांची संस्था होते : पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरणसंस्था इत्यादी. येथेच पहिला भेद दिसतो. मराठी जिला ‘संस्था’ म्हणते त्याला हिंदी ‘तंत्र’ म्हणते. मराठीत ‘तंत्र’ म्हणजे कार्यपद्धती किंवा कौशल्य. म्हणून हिंदीतील ‘पाचन तंत्र’ शब्दशः मराठीत आणले तर ते पचन करण्याची युक्ती वाटू लागते.

आता एक साधी क्रिया घेऊ. समोरचा पाण्याचा पेला उचलावा असे आपल्या मनात येते. मेंदूतून निघालेला संदेश मेरुरज्जूतून खाली येतो आणि तेथून निघणाऱ्या चेतांच्या द्वारे दंडापर्यंत पोचतो. दंडातील मांसल भाग आकुंचन पावतो. हा मांसल भाग हाडाला थेट जोडलेला नसतो. त्याच्या टोकाशी असलेली चिवट, पांढरी दोरी हाडाला ओढते. हाड कोपराशी वळते. तेथे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे सांध्याला निखळू देत नाहीत. एवढ्या क्रियेत चार वेगळे घटक आले : संदेश वाहणारा, आकुंचन पावणारा, ओढणारा आणि बांधणारा. शालेय मराठीत त्यांची नावे अनुक्रमे चेता, स्नायू, स्नायुरज्जू आणि अस्थिबंध अशी आहेत. ‘स्नायू’ या एका शब्दाने भारतीय भाषांत या चारही जागा कधी ना कधी भूषविल्या आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. स्नायू

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अवयवांची गणना आहे. तीत अस्थी ३००, सिरा ७००, स्नायू ९००, पेशी ५००, धमन्या २४ व मर्मे १०७ सांगितली आहेत. अलीकडील शास्त्रानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. पण येथे प्रश्न आकड्यांचा नसून संज्ञांचा आहे. सुश्रुताला स्नायू कशाला म्हणावयाचे आहे, हे त्याने योजलेल्या उपमेवरून स्पष्ट होते. नावेच्या फळ्या पुष्कळ बंधांनी आवळल्या म्हणजे ती पाण्यात भार सोसते, त्याप्रमाणे स्नायूंनी बांधलेल्या सांध्यांमुळे माणूस भार वाहतो. म्हणजे सुश्रुताचे स्नायू हे बांधणारे व ओढणारे आहेत. आकुंचन पावणाऱ्या मांसल भागासाठी त्याच्याकडे ‘पेशी’ हा स्वतंत्र शब्द आहे.

या मूळ अर्थाशी आज सर्वांत जवळ राहिली आहे ती हिंदीची पारिभाषिक योजना. तीत ‘स्नायु’ अस्थिबंधासाठी, ‘कंडरा’ स्नायुरज्जूसाठी, ‘पेशी’ मांसल भागासाठी आणि ‘तंत्रिका’ चेतेसाठी येते. तथापि याच हिंदीच्या वाङ्मयीन गद्यात ‘स्नायविक’ हे विशेषण मानसिक ताणासंबंधी वापरले जाते. तेथे बंगालीसारखाच अर्थ आहे. मराठी, गुजराती आणि कन्नड या तीन शेजारी भाषांनी स्नायूला मांसल भागाचा अर्थ दिला. सुश्रुताच्या यादीतला मोठ्या दोऱ्यांचा ‘कंडरा’ हा शब्दही असाच सरकला आहे. हिंदीत तो ओढणारी दोरी आहे, तर तेलुगूत ‘कंडरं’ म्हणजे आकुंचन पावणारा मांसल भाग.

बंगालीने चूक केली, असे यावरून कोणास वाटेल. पण तसे म्हणता येत नाही. ग्रीक भाषेतील ‘न्यूरॉन’ या शब्दाचा प्राचीन अर्थही दोरी, कंडरा, धनुष्याची प्रत्यंचा असाच होता. पांढरी चिवट कंडरा आणि पांढरा तंतू असलेली चेता उघड्या डोळ्यांना बरीच सारखी दिसतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलसने विच्छेदनाच्या आधारे चेतांचे स्वतंत्र कार्य ओळखले. शब्द मात्र जुनाच राहिला. संस्कृतातील ‘स्नावन्’, ‘स्नायु’ आणि ग्रीक ‘न्यूरॉन’ हे एकाच भारत-युरोपीय कुळातील शब्द आहेत. म्हणजे बंगालीतल्या स्नायूने ग्रीक भावंडाचाच प्रवास पुन्हा केला. तमिळमधील ‘नरंबु’ हा शब्द तर याळ या वाद्याची तार आणि शरीरातील चेता या दोहोंसाठी येतो. हिंदीतली ‘तंत्रिका’ही ‘तंत्री’पासून, म्हणजे वीणेच्या तारेपासूनच घडविलेली आहे. चेतेला तार म्हणून पाहणे ही कोणा एका भाषेची मिरास नव्हे.

३. पेशी

‘पेशी’ या शब्दाची स्थिती याहून विलक्षण आहे. हिंदी, बंगाली व मल्याळम या भाषांत पेशी म्हणजे मराठीतला स्नायू. मराठीत पेशी हा शरीराचा सूक्ष्मतम घटक. गुजरातीत पेशी म्हणजे मराठीतली ऊती. सूक्ष्मतम घटकाला गुजराती ‘कोष’ म्हणते. एकच शब्द तीन भाषागटांत शरीररचनेच्या तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभा आहे. बंगाली व मल्याळम ऊतीला ‘कला’ म्हणतात. सुश्रुताकडे कला म्हणजे आतील पातळ आवरण. तो अर्थ ध्यानात नसेल तर मराठी वाचकाला बंगाली जीवशास्त्राच्या पुस्तकात सौंदर्यशास्त्राचे प्रकरण सापडल्याचा भास होईल.

मराठीने पेशीला हा अर्थ दिला तो मनमानीने, असे समजण्याचे कारण नाही. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, तसेच गर्भाची आरंभीची एक अवस्था. अमरकोशात तर पक्ष्याच्या अंड्याला पेशी, कोश आणि अंड असे पर्याय दिले आहेत. आवरणात बंदिस्त असलेला सजीव आरंभबिंदू, ही कल्पना पेशी आणि कोश या दोन्ही शब्दांत पूर्वापार होती. मराठी एका शब्दाकडे गेली, बंगाली व गुजराती दुसऱ्याकडे. इंग्रजी शब्दामागील कल्पना याहून अगदी वेगळी आहे. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात रिकामे कप्पे पाहिले आणि त्यांना खोलीवाचक लॅटिन शब्दावरून नाव दिले. त्याने पाहिली ती मृत भिंतींची चौकट. आपल्या भाषांनी निवडले ते अंड्याशी आणि गर्भाशी नाते सांगणारे शब्द.

४. मज्जा

आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मज्जा हा सहावा धातू : हाडाच्या पोकळीत असणारा मऊ पदार्थ. आजच्या शास्त्रानुसार हाडातील तांबड्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. मराठीत मात्र ‘अस्थिमज्जा’ या शब्दात हा अर्थ राहिला आणि ‘मज्जातंतू’, ‘मज्जारज्जू’, ‘मज्जासंस्था’ या शब्दांत दुसराच अर्थ रूढ झाला. यामागील साम्य समजण्याजोगे आहे. लांब हाडात जशी मज्जा असते तसा कण्याच्या पोकळीत मेरुरज्जू असतो. लॅटिनमध्येही हाडातील मज्जा व मेरुरज्जू यांना ‘मेडुला’ हा एकच शब्द चालत असे. कार्याच्या दृष्टीने मात्र या दोहोंत काही संबंध नाही. एक रक्त घडवते, दुसरा संदेश वाहतो. पाठ्यपुस्तकांनी ‘चेतासंस्था’ हा शब्द स्वीकारला, मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका तंत्र’ पसंत केले; तरी बोलण्यात मज्जासंस्थाच टिकून आहे.

हा घोटाळा केवळ कोशापुरता नाही. रुग्णाच्या संमतिपत्रावर ‘मज्जेची तपासणी’ एवढेच लिहिले तर रक्ताच्या विकाराची तपासणी आहे की मेंदूच्या, हे मराठी रुग्णाला कळणार नाही. घाबरलेला माणूस त्यातून वाईट तेच निवडतो. वाङ्मयातही तसेच. बंगालीत ‘मज्जागत’ म्हणजे खोलवर मुरलेले. येथे मज्जा हाडातलीच आहे. मराठीत त्यासाठी ‘हाडीमाशी खिळलेले’ हा देशी वाक्प्रचार हाताशी आहे. ‘मज्जागत’ जसाच्या तसा ठेवला तर स्वभावाचा गुण मज्जातंतूंचा विकार भासण्याचा संभव आहे.

५. धमनी आणि काळीज

धमनी हा शब्द ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे या धातूपासून आला आहे. चरकसंहितेतही धमनीची व्युत्पत्ती फुंकण्यावरून, स्रोताची पाझरण्यावरून आणि सिरेची वाहण्यावरून दिलेली आढळते. ग्रीक ‘आर्टेरिया’ हा शब्दही आरंभी श्वासनलिकेसाठी वापरला जाई आणि त्या वाहिन्यांत हवा असते, असा समज तेथे दीर्घकाळ होता. मृतदेहात त्या रिकाम्या आढळतात, हे त्याचे एक कारण. दुसऱ्या शतकात गेलनने त्यांत रक्त असल्याचे दाखविले आणि १६२८ साली विल्यम हार्वेने रक्ताच्या चक्राकार भ्रमणाचा सिद्धान्त मांडला. दोन दूरच्या परंपरांनी एकाच अवयवाला वाऱ्याचे नाव द्यावे, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने नोंदविण्यासारखी आहे.

मराठीने यासाठी आणखी एक जोडी वापरली : रोहिणी आणि नीला, म्हणजे तांबडी आणि निळी. ही नावे सुबोध व सुंदर आहेत. पण ती रंगावर आधारलेली आहेत. वाहिनीचे नाव शास्त्रात दिशेवरून ठरते : हृदयापासून दूर नेणारी ती धमनी, हृदयाकडे आणणारी ती शिरा. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी वाहिनी दिशेने रोहिणी आहे, परंतु तिच्यातील रक्त ऑक्सिजन कमी असलेले, काळपट असते. तेथे रंगाचे नाव विद्यार्थ्याला चकवते.

‘काळीज’ हा शब्द मात्र परिभाषेच्या बाहेरचा आणि म्हणून अधिक बोलका. मूळ अर्थाने तो यकृताचा वाचक. खाटकाच्या दुकानात आजही तो त्याच अर्थाने चालतो. परंतु ठोका चुकतो तो मराठीत काळजाचा, आणि तुटते तेही काळीजच. हिंदी ‘कलेजा’ आणि उर्दू ‘जिगर’ यांचीही गोष्ट अशीच आहे. येथे अनुवादकाने यकृत लिहिणे हास्यास्पद, आणि प्रत्येक ठिकाणी हृदय लिहिणे निर्जीव. धैर्य, माया आणि भीती यांपैकी कोणता भाव अभिप्रेत आहे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

६. समारोप

ही भिन्नता का निर्माण झाली? कलकत्त्याचे वैद्यकीय महाविद्यालय १८३५ साली आणि मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली स्थापन झाले. नव्या शरीरशास्त्राची ओळख निरनिराळ्या प्रांतांतील लेखकांनी आपापल्या भाषेत करून दिली. संस्कृत हे सर्वांचे समाईक कोठार होते. परंतु कोणते भांडे कोणत्या पदार्थासाठी काढावे, याचा निर्णय प्रत्येक घराने स्वतंत्रपणे घेतला. १९६१ साली वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग स्थापन झाला, तोवर हे शब्द शाळांत आणि कथा-कादंबऱ्यांत मुरले होते. परिभाषा ठरावाने घडविता येते. रूढी ठरावाने मोडता येत नाही.

म्हणून शारीर शब्दांची तुलना करताना क्रम उलटा ठेवणे इष्ट. शब्दापासून अवयवाकडे न जाता कार्यापासून शब्दाकडे यावे. हा घटक संदेश वाहतो, आकुंचन पावतो, ओढतो की बांधतो, हे आधी ठरवावे आणि मग त्या भाषेत त्या काळी त्याला काय म्हणत, ते पाहावे. एकोणिसाव्या शतकातील मजकूर असेल तर आजचा कोश प्रमाण मानू नये. आणि शब्द जितका ओळखीचा, तितका तो अधिक तपासून घ्यावा. त्या बंगाली कथेचा अनुवाद पुढे पुनर्मुद्रित झाला तेव्हा दोन्ही ठिकाणी ‘स्नायू’ काढून प्रस्तुत लेखकाने ‘मज्जातंतू’ घातला नाही. ‘तिचा जीव थकला’ असे लिहिले. नायिकेचे दुखणे कोणत्या अवयवाचे होते, ते त्या वेळी प्रथम नीट कळले.