पन्नाशी ओलांडलेलं झाड: शहरात हेरिटेज, गावात काय?

ज्यांना बसच्या आवाजात आजचा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

वर्धा ते सेवाग्राम हा रस्ता मी कॉलेजच्या दिवसांत रोज गाडीने कापलाय. मे महिन्याच्या उन्हात सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे पाठ झालं होतं. २०२० मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी इथली जुनी झाडं तोडली जाऊ लागली आणि वर्धेकर विरोधाला उभे राहिले. तेव्हा मला प्रश्न पडला: एवढ्या जुन्या झाडाला कायदा काही संरक्षण देतो की नाही?

देतो. पण झाड कुठे उभं आहे, त्यावर सगळं अवलंबून.

शहरांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन कायदा आहे. नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, अगदी तुमच्या अंगणातलंही. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरलं. असं झाड तोडायचंच असेल, तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. तीही किमान ६ ते ८ फूट उंचीची, आणि ७ वर्षं जगवायची.

एक हिशोब करू. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आहे. त्याच वयाचं झाड शहरात असेल, तर २०२६ मध्ये त्याच्या बदल्यात ९० रोपं!

आता गोम ऐका. हा कायदा नागरी भागाचा. वर्ध्याला नगरपरिषद आहे, सेवाग्रामला ग्रामपंचायत. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच वयाची दोन झाडं. हद्दीच्या आतलं हेरिटेज, बाहेरचं नुसतं झाड. गावाकडे १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा लागतो. त्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशा जातींची यादी आहे. वड-पिंपळ त्या यादीत नाहीत. तो कायदा झाडाची जात विचारतो, वय नाही.

मग आपण काय करायचं?

शहरात असाल, तर झाडावर लावलेली नोटीस वाचा. तोडण्याआधी ती झाडावर लावणं आणि वर्तमानपत्रात देणं बंधनकारक आहे. फोटो काढा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. व्हॉट्सअॅप स्टेटस म्हणजे हरकत नव्हे! वयाचा पुरावा म्हणून घरातले जुने फोटो चालतील का, ते शोधून ठेवा.

गावात असाल, तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ही समिती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते. तुमच्या पारावरचा वड त्यात आहे का, विचारा. नुसत्या नोंदीने कुऱ्हाड थांबत नाही, हे खरं. पण उद्या कोणी विचारलं, “हे झाड एवढं जुनं कशावरून?” तर दाखवायला कागद असतो.

झाड पडल्यावर त्याचं वय मोजणं सोपं असतं, मंडळी. आपल्याला ते उभं असतानाच मोजायचंय. भेटू पुढच्या भागात!