शर्यतीच्या गाडीत कोणतं कूलंट घालायचं?

आज आपण गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या गटांकडे कर्जाचे जे अर्ज येतात, त्यांत शिलाई मशीन असते, शेळ्या असतात, फीचे पैसे असतात. यंदा दोन अर्ज मोटरसायकल शर्यतीच्या प्रशिक्षणासाठी आले, एक मुलासाठी आणि एक मुलीसाठी. खर्चाच्या यादीत ‘ट्रॅकचं कूलंट’ असं लिहिलं होतं. बैठकीत बायकांनी विचारलं, गाडीत कूलंट आहेच की, मग हे वेगळं कशाला? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आम्ही नीट समजून घेतलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी कूलंट म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडच्या पुष्कळ साध्या गाड्यांचं इंजिन वाऱ्यानंच थंड होतं, त्यांना कूलंट लागतच नाही. पण वेगाच्या गाड्यांत इंजिनाभोवती पाणी फिरतं. ते उष्णता घेतं, पुढच्या रेडिएटरच्या जाळीत जातं, तिथे वाऱ्यानं निवतं आणि परत इंजिनात येतं. रेडिएटरचं झाकण कुकरच्या झाकणासारखं काम करतं. आत दाब राहतो, म्हणून पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे १२० अंशांपर्यंत टिकतं. म्हणूनच इंजिन गरम असताना ते झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

रस्त्यावरच्या गाडीत नुसतं पाणी नसतं. त्यात साधारण निम्मं ग्लायकॉल असतं, बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल. त्यामुळे पाणी थंडीत गोठत नाही आणि लवकर उकळत नाही. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं घातलेली असतात. रोजच्या वापराला हे उत्तमच आहे.

मग ट्रॅकवर ते का चालत नाही? आपल्या स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. फरशीवर पाणी सांडलं तर पुसता येतं, नाहीतर थोड्या वेळात सुकतं. तेल सांडलं तर? ग्लायकॉल तेल नाही, पण वागतं तसंच. ते सहज उडून जात नाही, बुळबुळीत राहतं आणि डांबरावरून काढायला फार कठीण असतं. शर्यतीत एक गाडी पडली, तिचा रेडिएटर फुटला आणि मागून दहा मुलं भरधाव वळणावर आली, तर त्यांची चाकं त्याच ओल्या पट्ट्यावरून जाणार. म्हणजे हा नियम आपल्या लेकराच्या इंजिनासाठी नाही, मागून येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या लेकरासाठी आहे.

मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक महासंघानं सुपरबाइकच्या नियमांत इंजिन थंड करायला पाणी, किंवा पाणी आणि इथाइल अल्कोहोल यांचं मिश्रण, एवढंच चालतं असं म्हटलं आहे. काही स्पर्धांत पाण्यात घालायचं ग्लायकॉल नसलेलं द्रव्य चालतं, काहींत तेही चालत नाही. म्हणून आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या स्पर्धेचं नियमपत्रक आधी मागवायचं. मोठे ट्रॅक आपल्यापासून लांब आहेत. एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, एक कोइंबतूरला, एक दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला. एवढं भाडं खर्च करून जायचं आणि शर्यतीआधीच्या तपासणीत गाडी बाजूला काढली, तर गटाचं कर्ज डोक्यावर आणि हाती काहीच नाही.

आता निवड कशी करायची ते सांगतो.

पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हा फक्त घातलेला रंग असतो. बाटलीवर शर्यतीच्या गाडीचं चित्र आहे म्हणूनही घेऊ नका. ‘रेसिंग’ नावानं विकल्या जाणाऱ्या काही कूलंटमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. ते कमी विषारी असतं, पण निसरडं असतंच. लेबलवर ग्लायकॉल शब्द दिसला, की आयोजकांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट, पाणी कोणतं? बोअरचं नको, नळाचंही नको. चहाच्या पातेल्याला आणि गिझरला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घ्यावं. मात्र दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिडही मिळतं, म्हणून लेबल वाचूनच कॅन उचला.

तिसरी गोष्ट, नुसतं पाणी बराच काळ ठेवलं तर आतले धातूचे भाग गंजतात. त्यासाठी ग्लायकॉल नसलेलं, गंज रोखणारं द्रव्य मिळतं. नियमात बसत असेल तर बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच घालावं. जास्त घातल्यानं जास्त फायदा होत नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे, त्यामुळे नुसत्या पाण्यानं इंजिन जळेल ही भीती नको.

चौथी गोष्ट, जुनं कूलंट पूर्ण काढायचं. इंजिन थंड असताना ते सोडायचं, साधं स्वच्छ पाणी भरून इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं, थंड झाल्यावर ते पाणीही सोडायचं. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं आणि शेवटची भर डिस्टिल्ड पाण्याची. मेकॅनिकला हे आधीच सांगा, नाहीतर तो एकदाच रिकामं करून मोकळा होतो.

शर्यतींचा हंगाम संपला आणि तीच गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर पुन्हा नेहमीचं कूलंट भरा. कुणी ती गाडी घेऊन लडाखला निघालं आणि आत नुसतं पाणी असेल, तर गोठताना पाणी फुगतं आणि इंजिनाला तडा जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काढलेलं जुनं कूलंट विष आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. लहान मूल, कुत्रं, वासरू ते आवडीनं पिऊ शकतं. आधी दारू प्यायल्यासारखी झिंग येते, उलटी होते, मग थोडं बरं वाटतं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून ते गटारात, विहिरीजवळ, गोठ्याजवळ ओतू नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका. झाकणाच्या कॅनवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि कॅन कुलपात ठेवा. पुढे त्याचं काय करायचं ते सर्व्हिस सेंटरला विचारा. कुणी चुकून प्यायलं तर उलटी करायला लावू नका, लक्षणांची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात तो कॅन सोबत न्या. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगी पडतो.

बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिनं २०१९ मध्ये महिलांच्या गटात बाहा रॅलीचा विश्वचषक जिंकला. आपल्या मुलींनीही ही स्वप्नं पाहावीत. तुमच्या गटात असा अर्ज आला तर नाक मुरडू नका आणि डोळे झाकून सहीही करू नका. तीन प्रश्न विचारा. स्पर्धेचं नियमपत्रक आणलं का? गाडीत काय भरणार, ते लेबल दाखवता का? काढलेलं जुनं कूलंट कुठे ठेवणार? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, की अर्ज पुढे घ्या.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.