पिल्लू खाली आहे, पण पोरकं आहे का?

मे महिना सरत आला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये कावळ्यांच्या तक्रारी सुरू होतात. झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर ते झडप घालतात, टोचा मारतात. बहुतेक वेळा तिथेच, कुंपणापाशी किंवा उभ्या गाडीच्या आडोशाला, त्यांचं नुकतंच घरट्याबाहेर आलेलं पिल्लू बसलेलं असतं. वाशीपासून खारघरपर्यंतच्या पर्जन्यवृक्षांवर, सोनमोहर-गुलमोहरांवर एप्रिल ते जुलै हा कावळ्यांच्या विणीचा काळ. बुलबुल तर बाल्कनीतल्या वेलीवरही घरटं बांधतो. याच दिवसांत वळवाचं वारं सुटतं आणि एखादं पिल्लू कुणाच्या तरी हाती येतं. त्या माणसाने पहिल्या काही मिनिटांत काय केलं, यावर बरेचदा पिल्लाचं जगणं ठरतं.

आधी अंगावरची पिसं पाहावीत. उघड्या अंगाचं, डोळे मिटलेलं किंवा पिसांच्या नुसत्या नळ्या फुटलेलं पिल्लू खरोखर पडलेलं असतं. त्याला घरट्यातच परत ठेवायला हवं. पण अंगभर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू स्वतःहून बाहेर आलेलं असतं. बुलबुलाची पिल्लं जन्मल्यावर साधारण बारा दिवसांत घरटं सोडतात, तेव्हा त्यांना धड उडताही येत नाही. ही घाई शहाणपणाची आहे. घरट्यात सगळी एकत्र असली तर मांजर किंवा साप एका फेरीत सगळ्यांचा फडशा पाडतो. पांगली तर काही वाचतात. पुढचे काही दिवस आईबाप त्यांना फांदीवर, झुडपात, प्रसंगी जमिनीवरही भरवत राहतात. अशा पिल्लाला जवळच्या झुडपात ठेवावं आणि लांब उभं राहून तासभर पाहावं. आपण जवळ घुटमळलो तर आईबाप खाली उतरत नाहीत.

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत चुकीची आहे. घरटं सापडलं तर पिल्लू बेलाशक उचलून आत ठेवावं. घरटं मोडलं असेल तर तळाला छिद्रं असलेली छोटी टोपली वाळलेलं गवत घालून त्याच झाडावर सावलीत घट्ट बांधावी.

पालक ओळखताना मात्र फसगत होऊ शकते. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, त्यामुळे खाली आलेलं पिल्लू कोकिळेचं असलं तरी त्याला भरवणारे कावळेच असतात. गव्हाणी घुबडाचे पालक रात्री वावरतात. दिवसा ते दिसले नाहीत म्हणून पिल्लू पोरकं ठरत नाही. पण त्यांचं पिल्लू खाली पडलं तर ते सहसा त्याला तिथे भरवत नाहीत. म्हणून त्याला वर, मूळ जागीच पोहोचवावं लागतं.

जखम दिसत असेल, मांजराने धरलं असेल, अंगाला मुंग्या लागल्या असतील किंवा पिल्लू गार पडलं असेल, तर मदत लगेच हवी. मांजराच्या दाताची खूण दिसली नाही तरी त्याच्या लाळेतले जीवाणू घातक ठरतात. पक्ष्याला औषध लागतं. छिद्रं पाडलेल्या खोक्यात सुती कापड अंथरून पिल्लू ठेवावं. एका बाजूला कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवावी, म्हणजे ऊब मिळेल. मोठ्या पक्ष्याच्या शरीराचं तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं. लहान पिल्लाला ते स्वतः राखता येत नाही, आणि गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही. म्हणून आधी ऊब, अंधार आणि शांतता.

पाणी पाजू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं, चोचीत सोडलेला थेंब थेट फुप्फुसात जाऊ शकतो. दूध त्याला पचत नाही. भात-पावावर पोट भरतं, पण कॅल्शियमअभावी हाडं वाकतात. एरवी दाणे टिपणारी चिमणीदेखील पिल्लांना किडे-अळ्याच भरवते, आणि कबुतराचे नर-मादी दोघंही सुरुवातीला गळ्याच्या पिशवीत तयार होणारं खास 'दूध' देतात. हे आपल्या स्वयंपाकघरात मिळत नाही.

याहून मोठं नुकसान वागणुकीचं होतं. कोन्राड लोरेन्झ यांनी दाखवलं, की हंसकाची पिल्लं जन्मल्यावर जो हलता जीव पाहतात त्यालाच आई मानून मागे चालतात. या संशोधकाला १९७३ साली नोबेल मिळालं. कॅलिफोर्नियातल्या कोंडोर गिधाडांची पिल्लं वाढवताना तर माणूस दिसू नये म्हणून गिधाडाच्या डोक्याची हातबाहुली वापरली गेली. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं पिल्लू माणसाला आणि मांजराला भ्यायचं कसं, हे शिकत नाही. त्यातून पोपटासारखा रानपक्षी घरी पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हाही आहे. खोका तयार झाला की वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि पिल्लू नेमकं कुठे मिळालं ते सांगावं, म्हणजे बरं झाल्यावर ते तिथेच सोडता येईल.

पण पिल्लू पडूच नये यासाठीचं काम सोसायटीच्या हातात आहे. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी नेमकी ऐन विणीत येते. छाटणीला पालिकेची परवानगी लागतेच. तिच्यासोबत झाडाखाली उभं राहून घरटी पाहण्याचा नियम प्रत्येक सोसायटीने स्वतःला घालून घ्यावा. धोकादायक नसलेली, घरटं असलेली फांदी पिल्लं उडून जाईपर्यंत तशीच ठेवावी. खाली पडलेल्या एकेका पिल्लामागे धावण्यापेक्षा करवतीच्या आधीची ही दहा मिनिटं कितीतरी अधिक पिल्लं वाचवतात.